तळणीचं तेल आणि डिझेल इंजिन – भाग 9 : करडईचं तेल नको

दोन टाक्यांची जोडणी या आठवड्यात सांगणार होतो. ती पुढच्या भागावर टाकतोय. ट्रॅक्स गाडीवर लिहिल्यानंतर युसूफ वडगावहून एक प्रश्न आला आहे आणि त्याचं उत्तर आधी दिलं नाही, तर एखादं चांगलं इंजिन हकनाक बसेल.

विचारणारे ड्रायव्हर आहेत, जुनी ट्रॅक्स केजच्या बाजूला चालवतात. ट्रॅक्समधलं बजाज टेम्पोचं ओएम 616 इंजिन म्हणजे मर्सिडीज 240डीचंच, आणि अमेरिकेतले हौशी लोक त्याच गाडीत तळणीचं तेल घालतात, हे त्यांच्या नेमकं लक्षात राहिलं. घरी घाण्यावरची करडई आहे, भावाच्या हॉटेलात भजी त्याच तेलात निघतात. उरलेलं तेल गाळून, तापवून घातलं तर चालेल का, असं ते विचारतात.

नाही चालणार. भुईमुगाचं असतं तर हो म्हटलं असतं. पामतेलालाही उन्हाळ्यापुरतं हो म्हटलं असतं; पौषातल्या पहाटे ते डब्यात थिजतं, ती वेगळी अडचण. करडईचं मात्र नकोच.

कारण त्यांच्या हॉटेलातच दिसेल. भज्यांच्या कढईच्या बाहेरच्या कडेला, जिथे ओघळ रोज तापतो, तिथे तपकिरी, चकचकीत थर बसलेला असतो. पाण्याने तो हलत नाही, साबणाने हलत नाही. उलथन्याच्या टोकाने खरवडला तर पापुद्रे निघतात. हा थर म्हणजे तेलच आहे, फक्त आता ते पुन्हा कधी पातळ होणार नाही. तेलाच्या रेणूतल्या लांब साखळ्यांमध्ये काही ठिकाणी दुहेरी बंध असतात. तिथे हवेतला ऑक्सिजन शिरतो, साखळी शेजारच्या साखळीला जखडते आणि जाळं तयार होतं. जितके दुहेरी बंध जास्त, तितकं तेल लवकर सुकतं.

हे मोजायला आयोडीन मूल्य वापरतात. पामतेलाचं 50च्या थोडं वर, भुईमुगाचं 85 ते 105, सोयाबीनचं 120 ते 140, करडईचं 140च्या आसपास आणि जवसाचं 170च्या वर. जवसाचं तेल रंगारी पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले ते सुकतं म्हणूनच. चित्रकारांच्या पांढऱ्या रंगात करडईचं तेलही घालतात. युरोपात बायोडिझेलसाठी या मूल्याची मर्यादा 120 आहे. 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात ऑटो कंपनीने छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं, तेव्हा तेलाची निवड नकळत चांगलीच झाली होती.

इथे एक घोटाळा बऱ्याच जणांचा होतो. तेल तापवलं की काम झालं, असं वाटतं. तापवल्याने घट्टपणा जातो, हे खरं. थंड तेल डिझेलच्या दहापट दाट असतं. 80 अंशांवर गेलं की नोझलला झेपण्याइतकं पातळ होतं. पण सुकण्याचा दोष उष्णतेने कमी होत नाही, वाढतो. नोझलच्या टोकाला काजळीचं बोंड धरतं, फवारा वाकडा पडतो, रिंगा खाचेत अडकतात. न जळलेलं तेल रिंगांवरून खाली चेंबरमध्ये उतरतं आणि इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. तिथे उष्णता, हवा आणि धातू तिन्ही हजर असतात. चेंबरमधलं ऑइल खरवसासारखं थिजलं की पंप ते ओढू शकत नाही, बेअरिंगं कोरडी पडतात आणि क्रँकच जाते. तळून तळून तेल आधीच अर्ध्या वाटेवर आलेलं असतं, म्हणून वापरलेलं तेल ताज्याहून वाईट.

खात्री करायची असेल तर खिडकीच्या जुन्या काचेवर करडई, भुईमूग आणि करंज यांचा एकेक पातळ हात फिरवा आणि काच उन्हात ठेवा. काही दिवसांनी बोट लावून बघा. करडईवर बोट चिकटेल, बाकीच्या दोन्हींवर सरकेल.

करडईतही अपवाद आहे आणि त्याची गोष्ट मला फार आवडते. भारतातून अमेरिकेत गेलेल्या करडईच्या एका वाणात 1950च्या दशकात कमी आयोडीन मूल्याचं तेल सापडलं. त्यावरून कॅलिफोर्नियात पॉल्डन नोल्स यांनी यूसी-1 हे वाण काढलं. त्याचं तेल ऑलिव्हच्या तेलाच्या जवळ जातं. तसली करडई आपल्याकडे घराघरात पेरली जाईल, तेव्हा ट्रॅक्सचा विचार नव्याने करू. परभणी कुसुम असो की गावठी, मराठवाड्यात घाण्यावर येते ती करडई सुकणारीच.

मग उरलेल्या तेलाचं काय? करडईचं तेल मुळात तळणीत घालूच नये, हे माझं जुनं मत. फोडणीला, चटणीवर, भाकरीवर ओतायला त्याच्यासारखं दुसरं तेल नाही. कढईत तासन्‌तास उकळून त्याची माती होते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार 1 जुलै 2018पासून तळणीच्या तेलात ध्रुवीय घटक 25 टक्क्यांच्या वर गेले की ते खाण्यात वापरता येत नाही, आणि करडई तिथे लवकर पोचते. हॉटेलात भुईमूग किंवा पाम वापरा, उरेल ते वेगळ्या डब्यात ठेवा आणि डब्यावर तेलाचं नाव लिहा. मिसळलेलं तेल कुणाच्याच कामाचं नाही.

दोन टाक्या, तापवणारी नळी आणि गाडी बंद करण्याआधी डिझेलवर परत यायची शिस्त, हे सगळं पुढच्या आठवड्यात.