आधी टायर, मग सस्पेन्शन

गाडीसाठी थोडे पैसे बाजूला पडले की प्रश्न येतो: चांगले टायर घ्यावेत की सस्पेन्शन बदलावं? माझं उत्तर ठाम आहे. आधी टायर.

ब्रेक दाबा, स्टिअरिंग वळवा किंवा वेग वाढवा. प्रत्येक बल रस्त्यापर्यंत पोचतं ते चार टायरांच्या तळहाताएवढ्या भागांतूनच. तिथे पकड नसेल तर महागडा शॉक अ‍ॅब्सॉर्बरही ती निर्माण करू शकत नाही. खड्ड्यावरून उसळलेलं चाक रस्त्याला टेकवून ठेवणं, हे त्याचं काम. म्हणून तेल गळणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलणं ही हौस नव्हे, दुरुस्ती आहे, आणि ती लांबवू नये.

खरी परीक्षा पावसाळ्यात, आंबा घाटासारख्या वळणांवर. टायरच्या खाचा पाणी बाहेर ढकलतात. त्या झिजल्या की वेगात टायर पाण्याच्या थरावर तरंगतो. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं आणि ब्रेकचा उपयोग उरत नाही. कायद्याने खाचांची किमान खोली १.६ मिलिमीटर आहे; पण आपल्या पावसात ३ मिलिमीटरलाच टायर बदलावेत, असं मला वाटतं. रबर वयानेही कडक होतं. टायरच्या बाजूवरचे चार अंक वाचा: २३२२ म्हणजे २०२२चा तेविसावा आठवडा.

सस्पेन्शनच्या हौसेचं म्हणाल, तर गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा आपल्या स्पीडब्रेकरांवर त्रासच देतात. टायर घेताना उत्पादकाने सांगितलेला आकार सोडू नका, आणि हवा टायर थंड असतानाच तपासा.