एक घनमिलिमीटर डिझेल

गाडीच्या टायरात आपण हवा भरतो ती साधारण सव्वादोन बार दाबाची. पॅसिफिकमधल्या मारियाना गर्तेच्या तळाशी, जवळजवळ ११ किलोमीटर पाण्याखाली, दाब अकराशे बारच्या आसपास जातो. आणि आजच्या डिझेल गाडीच्या बॉनेटखाली, इंजिनाला आडव्या बसवलेल्या वीतभर पोलादी नळीत? २००० बार. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर दोन टन. काही नव्या सिस्टिम तर २५०० च्याही पुढे गेल्या आहेत.

या नळीला कॉमन रेल म्हणतात. बॉशने १९२७ मध्ये डिझेल पंपाचं कारखानी उत्पादन सुरू केलं, आणि पुढची सत्तरेक वर्षं बहुतेक गाड्यांत रीत तीच राहिली: ज्या सिलिंडरची पाळी, त्याच्यासाठी पंपाने त्या क्षणी दाब तयार करायचा. इंजिन मंद फिरलं की दाबही मंदावायचा. कॉमन रेलमध्ये पंप दाब आधीच साठवून ठेवतो. सोडायचं कधी आणि किती, ते कॉम्प्युटर बघतो. १९९७ मध्ये ही सिस्टिम घेऊन अल्फा रोमिओ १५६ आली तेव्हा दाब १३५० बार होता.

द्रव दाबला जात नाही असं आपण शाळेत शिकलो. २००० बारला डिझेलही आठ-दहा टक्के आक्रसतं. नोझलच्या भोकातून सुटताना गणिताने त्याचा वेग सेकंदाला सहाशे मीटरच्या वर निघतो. हवेत आवाज जातो साधारण ३४० मीटरने. जुने मेकॅनिक गाडी मिसिंग करत असली की चालू इंजिनवर एकेका नोझलचा पाईप ढिला करून बघायचे. कॉमन रेलला तो प्रयोग करू नये. ती चिळकांडी कातडीतून आत शिरते, वर फक्त सुईच्या टोकाएवढा ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. आणि उशीर झाला तर बोट जातं.

पण मला विचाराल तर दाबाचा आकडा त्यातल्या त्यात सोपा. पोलाद जाड केलं, पंप तगडा केला, की दाब वाढवता येतो. खरी कमाल आहे ती मापात.

हिशेबच करू. गाडी ताशी ८०ने चालली आहे, अ‍ॅव्हरेज २०चं, इंजिन २००० आरपीएमवर. तासाला चार लिटर डिझेल. चार सिलिंडर मिळून तासाभरात २ लाख ४० हजार वेळा पेटतात. भागाकार केला तर एका वेळेला येतं जेमतेम १७ घनमिलिमीटर, ड्रॉपरमधून पडणाऱ्या थेंबाचा तिसरा हिस्सा. आणि तोही एकदम सोडत नाहीत! डिझेल आत गेल्या गेल्या पेटत नाही. तेवढ्यात साचलेलं सगळं एकदम भडकतं, तोच जुन्या डिझेलचा खडखडाट. म्हणून आधी एखाद घनमिलिमीटर सोडायचं, ते पेटलं की मग बाकीचं. फियाटच्या १.३ लिटर मल्टीजेटने २००३ मध्ये एका पेटण्यासाठी पाचपर्यंत फवारे मारून दाखवले. हेच इंजिन पुढे पुण्याजवळ रांजणगावात बनू लागलं आणि आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांत बसलं.

त्या एका घनमिलिमीटरचे दहा मायक्रॉनचे थेंब झाले असं धरलं, तर ते भरतात १९ लाख. अखंड थेंबाचा पृष्ठभाग पाच चौरस मिलिमीटरही नव्हता, तो झाला ६००. तेवढ्या अंगाला गरम हवा भिडते.

यासाठी वेळ किती? २००० आरपीएमला इंजिनचा एक फेरा ३० मिलिसेकंदांत होतो. मुख्य फवाऱ्याला त्यातला एखाद मिलिसेकंद, आधीच्या चिमुकल्याला त्याचाही पाव हिस्सा. २००० बारच्या विरोधात, डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरमधली नोझलची भोकं झाकणारी सुई एवढ्या झपाट्याने उचलायची ताकद इवल्याशा विद्युतचुंबकात नसते. तो फक्त सुईच्या डोक्यावरच्या कप्प्याची बारीकशी झडप उघडतो. वरचा दाब पडतो, आणि खालचं डिझेलच सुईला वर ढकलतं. कप्प्यातून निसटलेलं डिझेल रिटर्न लाईनने टाकीत जातं. मेकॅनिक चारही इंजेक्टरच्या रिटर्नला छोट्या बाटल्या लावतो ते याचसाठी: ज्याची बाटली आधी भरली, तो इंजेक्टर झिजला.

झिजणारच. आतल्या भागांतली फट दोन-तीन मायक्रॉनची, आणि आपला केस ७०च्या घरातला. वरच्याच हिशेबाने दोन लाख किलोमीटरमध्ये एकेक इंजेक्टर १५ कोटी वेळा कामाला लागतो; दर वेळी तीन फवारे धरले तर उघडझाप ४५ कोटी.

एवढी काटेकोर घडण असूनही दोन इंजेक्टर तंतोतंत सारखे निघत नाहीत. म्हणून कारखान्यात प्रत्येकाची चाचणी घेतात, आणि तो किती कमी-जास्त सोडतो त्याचा कोड त्याच्या डोक्यावर कोरतात. नवा इंजेक्टर बसवला की बहुतेक गाड्यांत हा कोड स्कॅनर लावून कॉम्प्युटरला सांगावा लागतो. पहिल्या सिलिंडरचा तिसऱ्याला आणि तिसऱ्याचा पहिल्याला लावून कोड तसेच ठेवले, तर पार्ट शंभर टक्के अस्सल असूनही गाडी आयडलिंगला थरथरू शकते.