शेंगदाण्याचे सूप आणि एक कडू दाणा

घानामध्ये शेंगदाण्याच्या सुपाला ‘न्कातेन्क्वान’ म्हणतात. नाव ऐकून बिचकायचे कारण नाही. उपवासाला दाण्याची आमटी खाणाऱ्या मराठी माणसाला त्याची चव निम्मी तरी ओळखीची वाटेल. फरक एवढाच, की यात बहुधा कोंबडी असते.

कोंबडीच्या तुकड्यांना कांदा, आले, लसूण, मीठ लावून ते आधी अंगच्याच पाण्यात वाफवतात. त्यातच अख्खे टोमॅटो, कांदा आणि जहाल मिरची शिजवतात. ती मऊ झाली की काढून, वाटून पुन्हा भांड्यात टाकतात. भाजलेल्या दाण्यांचे लोण्यासारखे वाटण पाण्यात सैल करून ओततात आणि मंद आचेवर उकळत ठेवतात. वर तांबूस तेलाचा तवंग आला की सूप झाले. सोबत फुफू किंवा भाताचे गोळे ही जुनी जोडी. पण तळलेली केळीही छान लागतात.

या सुपाच्या प्रदेशाशी वैद्यकशास्त्राचे एक जुने नाते आहे. त्या वेळच्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, डॉ. सिसिली विल्यम्स यांना सुजलेले पाय, पिंगट केस आणि सोलवटलेली कातडी असलेली मुले दिसत. दूध तुटल्यावर ती मक्याच्या पेजेवर वाढलेली असत. १९३३ मध्ये त्यांनी या आजाराचे वर्णन केले आणि १९३५ मध्ये त्याला तिथल्या ‘गा’ भाषेतले नाव दिले, क्वाशिओरकोर. पाठचे भावंड आले की थोरल्याला जडणारा आजार, असा त्याचा अर्थ. केवळ प्रथिनांची कमतरता हे कारण अपुरे आहे, हे पुढे लक्षात आले. पण नुसत्या पेजेवरचे मूल धोक्यात असते, हे निरीक्षण आजही खरे आहे. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. १९९० च्या दशकात फ्रान्सच्या आंद्रे ब्रिआँ यांनी तीव्र कुपोषित मुलांसाठी जो तयार आहार विकसित केला, त्याचा पायाही शेंगदाण्याचे वाटण हाच होता. त्यात दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वे मिसळलेली असतात.

मात्र हाच दाणा नीट वाळवला नाही, दमट जागी साठवला, की त्यावर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृताच्या कर्करोगाचे सिद्ध कारण आहे, आणि हेपॅटायटिस ‘बी’ची लागण असलेल्या माणसात हा धोका कितीतरी पटींनी वाढतो. पश्चिम आफ्रिकेत हे दोन्ही एकत्र आढळतात. भाजल्याने हे विष थोडे कमी होते, नाहीसे होत नाही. सूप तासभर उकळूनही जात नाही. म्हणून वाटण्याआधी सुपात घेऊन दाणे निवडणे, सुरकुतलेला, काळपट, बुरसट दाणा फेकणे हेच खरे औषध. तोंडात कडू लागलेला दाणा भिडेखातर गिळू नये. वाटणात एकदा मिसळला की तो कोणाला दिसत नाही, त्यामुळे सुटे मिळणारे तयार वाटण घेताना दुकानदार ओळखीचा असलेला बरा.

आता केळी. ही आपली रोजची केळी नव्हेत. केरळची नेंद्रन किंवा वसईत जिची सुकेळी करतात ती राजेळी, हे त्यांचे नातलग. हिरवी असताना त्यांत जवळजवळ सगळा स्टार्च असतो. साल काळी पडेपर्यंत त्यातल्या बऱ्याच भागाची साखर होते. घानात तिरप्या फोडींना आले, मिरची, मीठ चोळून तळतात, त्याला ‘केलेवेले’ म्हणतात. पदार्थ मोहक आहे, आणि तिथेच अडचण आहे. दाण्यात जवळजवळ निम्मे तेल, त्यावर तळणीचे तेल. मधुमेह असेल तर पिकलेल्या केळ्याच्या चार-पाच फोडी पुरे, आणि मग भात वा फुफू नको. मूत्रपिंडाच्या रुग्णाने पोटॅशियममुळे केळी आणि दाणे दोन्ही डॉक्टरांना विचारूनच खावीत.

आणि सुपात टाकायची ती बाजारी चौकोनी वडी? तिच्यात बहुतेक मीठच असते. वडी घातली, तर कोंबडीला मीठ लावताना हात आखडावा.