काटा मागण्याचा संकोच

गॅसचा सिलिंडर वजनास कमी भरतो, ही तक्रार जिन्यावर, भाजीच्या गाडीपाशी, देवळाच्या ओट्यावर आम्ही नित्य ऐकतो. घरगुती सिलिंडरात १४.२ किलो गॅस असावा लागतो. रिकाम्या सिलिंडराचे वजन त्याच्याच अंगावर नमूद असते. दारात तो तोलून घेण्याचा ग्राहकास हक्क आहे, व पोहोचविणाऱ्याने काटा बरोबर बाळगावा, असा दंडक आहे. परंतु काटा मागतो कोण? ‘बिचारा चार जिने चढून आला’, असे म्हणून आम्ही गप्प बसतो, आणि त्याची पाठ वळताच त्याच्याच नावाने बोटे मोडतो! ही भूतदया नव्हे, निव्वळ आळस होय. ज्याने ओझे वाहिले त्यानेच गॅस काढला, यास पुरावा कोणता? तोलले असते, तर कदाचित तोच संशयातून सुटता.

वजनात पैसा जातो. मुदतीच्या हयगयीत प्राणाशी गाठ पडते. कड्याखालील पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर व सालाचे दोन अंक असतात. ‘बी-२७’ म्हणजे त्या सिलिंडराची फेरतपासणी जून २०२७ अखेरपर्यंत व्हावयास हवी. मुदत उलटलेला सिलिंडर उंबऱ्याआत घेऊच नये. गळतीची शंका आल्यास १९०६ या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

पुढील खेपेस प्रत्येक बिऱ्हाडाने काटा मागावा, आणि न मिळाल्यास वितरकाकडे सर्वांच्या सह्यांचा एकच लेखी अर्ज धाडावा. एकट्याचा कागद टोपलीत जातो. पंचवीस बिऱ्हाडांचा टाकताना हात थोडा अडखळतो.