जखम नसताना साकळलेले रक्त

बोट कापले की रक्त वाहते आणि काही मिनिटांत थांबते. रक्तद्रवात विरघळलेल्या फायब्रिनोजेन या प्रथिनापासून फायब्रिनचे न विरघळणारे तंतू बनतात. त्यांच्या जाळ्यात रक्तबिंबिका आणि तांबड्या पेशी अडकतात, व गुठळी तयार होते. मग हेच रक्त वाहिनीच्या आत का साकळत नाही? याचे श्रेय वाहिनीच्या आतल्या अस्तराकडे जाते. हे अस्तर धड असेतो बिंबिकांना चिकटू देत नाही आणि साकळण्याची क्रिया आवरून धरते.

कोविड-१९ च्या गंभीर रुग्णांत घाव बसतो तो या अस्तरावर. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोविडने दगावलेल्या ७ आणि इन्फ्लुएंझाने दगावलेल्या ७ जणांची फुफ्फुसे ताडून पाहिली गेली. वायुकोशांभोवतीच्या केशवाहिन्यांतील सूक्ष्म गुठळ्या कोविडमध्ये ९ पट आढळल्या. नमुना लहान खरा, पण फरक नजरेत भरणारा आहे. वायुकोशात हवा पोचली तरी पलीकडे रक्तच फिरत नसेल, तर प्राणवायू उचलणार कोण?

त्यात दाहामुळे यकृत जास्त फायब्रिनोजेन सोडते. रुग्ण अंथरुणाला खिळल्याने पायांच्या शिरांतले रक्त मंदावते. तिथली गुठळी सुटली की थेट फुफ्फुसाच्या धमनीत जाऊन अडकू शकते.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत ‘डी-डायमर’ हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला. शरीर गुठळी बनवते तशी मोडतेही. मोडताना फायब्रिनच्या तंतूंचे जे तुकडे पडतात, त्यांतला एकमेकांना जखडलेल्या दोन ‘डी’ भागांचा तुकडा म्हणजे डी-डायमर. तो गरोदरपणात आणि शस्त्रक्रियेनंतरही वाढतो. म्हणून नुसत्या आकड्यावरून घाबरणे आम्हांला बरोबर वाटत नाही.

उपचारात हेपॅरिन वापरले गेले. १९१६ च्या सुमारास ते कुत्र्याच्या यकृतात सापडले; ग्रीक भाषेत ‘हेपार’ म्हणजे यकृत. ते असलेली गुठळी विरघळवत नाही, तिची वाढ रोखते. २०२१ च्या मोठ्या चाचण्यांत रुग्णालयातील मध्यम आजारी रुग्णांना त्याच्या पूर्ण मात्रेचा फायदा झाला. अतिदक्षता विभागातल्यांना मात्र झाला नाही, आणि रक्तस्रावाचा धोका होताच. तोवर झालेली हानी नुसती गुठळी रोखून भरून येत नसावी, असा तर्क करता येतो.