स्वतःवरची देखरेख मोजायची कशी?

शाळेतला एखादा नेहमीचा दिवस आठवून पाहा. सकाळी मुख्याध्यापकांशी बोलताना आपला सूर एक असतो, मधल्या सुट्टीत सहकाऱ्यांबरोबर चहा घेताना दुसरा. तेवढ्यात तावातावाने तक्रार घेऊन पालक येतात. मनातून राग आलेला असतो, तरी आपण म्हणतो, "बसा ना, काय करता येईल ते पाहू." काहींना हे सहज जमते. काहींना जमत नाही, आणि काहींना तसे वागणे मुळातच पटत नाही.

माणसामाणसांतला हा फरक मोजता येईल का? उंचीसाठी पट्टी आहे, तापासाठी तापमापी आहे. इथे अडचण निराळी आहे. जो माणूस समोरचा प्रसंग पाहून बोलतो, तो प्रश्नावली भरतानाही प्रसंग पाहूनच उत्तरे देणार नाही का? जे मोजायचे तेच मापात ढवळाढवळ करणार!

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्क स्नायडर यांनी १९७४ साली अशी एक मापनश्रेणी प्रसिद्ध केली. या गुणाला त्यांनी 'सेल्फ-मॉनिटरिंग' म्हटले. आपण 'स्वतःवरची देखरेख' म्हणू. श्रेणीत २५ विधाने होती. प्रत्येकापुढे 'बरोबर' किंवा 'चूक' एवढेच लिहायचे. त्या धर्तीवर आपणच दोन विधाने तयार करू:

१. न आवडणाऱ्या माणसाशीही मी हसून बोलू शकतो.
२. मला मनापासून पटते त्याचीच बाजू मला मांडता येते.

पहिल्याला 'बरोबर' म्हटले तर एक गुण. दुसऱ्याला मात्र 'चूक' म्हटले तर एक गुण. अशी उलटी विधाने का घालायची? काही जणांना कशालाही 'हो' म्हणण्याची सवय असते. निम्मी विधाने उलटी असली, की सगळीकडे 'बरोबर' लिहिणाऱ्याला २५ पैकी साधारण १२-१३ गुण मिळतात. त्याची सवय त्याला फार वर नेत नाही की फार खाली. शिवाय 'तुम्ही दुटप्पी आहात का?' असे कोठेही विचारलेले नाही. विचारले असते, तर खरे उत्तर कोणी दिले असते?

पण विधाने चांगली असून भागत नाही. बी.एड.ला शिकलेले दोन शब्द इथे उपयोगी पडतात: विश्वसनीयता आणि सप्रमाणता. तीच माणसे तीच श्रेणी पुन्हा भरतील तेव्हा गुण जवळपास तेच यायला हवेत. स्नायडर यांनी महिन्याभराने पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा दोन्ही वेळच्या गुणांमधला सहसंबंध ०.८३ आला. शून्य म्हणजे संबंध नाही आणि एक म्हणजे पूर्ण मेळ, हे ध्यानात घेतले तर हा आकडा चांगलाच म्हणायचा.

मात्र रोज पाच मिनिटे पुढे असणारे घड्याळही विश्वसनीय असते. फक्त ते बरोबर वेळ दाखवत नाही. म्हणून सप्रमाणता पाहावी लागते. स्नायडर यांचा तर्क असा होता, की श्रेणी खरोखर हाच गुण मोजत असेल तर व्यावसायिक नटांना विद्यापीठातील विद्यार्थ्यांपेक्षा जास्त गुण पडायला हवेत. तसेच झाले. एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांची एकमेकांविषयीची मतेही गुणांशी जुळली. आणखी एका प्रयोगात साधा, भावनारहित मजकूर राग, आनंद, दुःख अशा निरनिराळ्या भावनांनी वाचायला दिला. जास्त गुण मिळवणाऱ्यांच्या भावना प्रेक्षकांनी अधिक अचूक ओळखल्या.

सुरुवातीच्या अडचणीवर शास्त्राने काढलेली वाट ही अशी आहे. माणसाच्या शब्दावर नुसता विश्वास ठेवायचा नाही आणि त्याला खोटेही ठरवायचे नाही. त्याचा शब्द बाहेरच्या पुराव्याशी ताडून पाहायचा.

नोकरीच्या ठिकाणी याचा काही परिणाम दिसतो का? किल्डफ आणि डे या संशोधकांनी १९९४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. व्यवस्थापनाची पदवी घेतलेल्या १३९ जणांचा त्यांनी पाच वर्षे मागोवा घेतला होता. जास्त गुण असलेल्यांना अधिक बढत्या मिळाल्या होत्या. त्यांनी नोकऱ्याही अधिक वेळा बदलल्या होत्या.

म्हणजे जास्त गुण चांगले? इथेच थांबायला हवे. ब्रिग्ज, चीक आणि बस यांनी १९८० साली दाखवून दिले, की या २५ विधानांत एक नव्हे, तीन गोष्टी मिसळल्या आहेत: मोकळेपणाने मिसळणे, इतरांना काय वाटेल याकडे लक्ष असणे आणि अभिनय जमणे. मराठी आणि गणिताच्या गुणांची बेरीज सारखी आली, म्हणून दोन मुले सारखी ठरत नाहीत, तसेच हे. पुढे १९८६ साली स्नायडर व गँगस्टॅड यांनी श्रेणी सुधारून १८ विधानांची केली, तरी वाद पुरता मिटला नाही.

आणखी एक गोष्ट या गुणांत दिसत नाही. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी हवाईसुंदरींच्या कामाचा अभ्यास करून १९८३ साली लिहिले, की हसरा चेहरा ठेवणे हा त्यांच्या नोकरीचाच भाग असतो आणि त्याचा ताण मनावर पडतो. वरवर हसू आणणे वेगळे आणि समोरच्याची बाजू समजून मनातला रागच शांत करणे वेगळे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते.

वर्गात एक उपक्रम घेऊन पाहा. अकरावी-बारावीच्या मुलांना अशी दहा विधाने तयार करू द्या. निम्मी उलटी हवीत. उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी एक खूण करायला सांगा. महिन्याने पुन्हा घ्या आणि दोन्ही वेळचे गुण आलेखावर मांडा. कोणते विधान दोन अर्थांचे झाले, कोणत्याला सगळ्यांनी एकच उत्तर दिले, यावर भरपूर चर्चा होईल.

फक्त कोणाचेही गुण वाचून दाखवू नका. मोकळेपणाने मनातले बोलणारी मुलगी 'नापास' नाही आणि सगळ्यांशी जुळवून घेणारा मुलगा 'ढोंगी' नाही. या श्रेणीत पहिला नंबर नसतो.