डोंगरपट्ट्यातील द्विशिक्षकी शाळा
जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांचा पश्चिम भाग महादेव कोळी व ठाकर समाजांच्या वाड्यावस्त्यांचा. येथील अनेक जिल्हा परिषद शाळांचा पट तुटपुंजा असतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत ६० विद्यार्थ्यांपर्यंत दोन शिक्षक लागतात. कागदावर हे प्रमाण उदार वाटते. पण दोघांपैकी एकाची बदली झाली, किंवा एक जण घोडेगावला तालुक्याच्या बैठकीला गेला, की उरलेल्याच्या गळ्यात सगळ्या इयत्ता पडतात: पहिलीची अक्षरे गिरवून घ्यायची, चौथीला फळ्यावर गणिते द्यायची आणि मधेच पोषण आहाराचा तांदूळ मोजून द्यायचा. रिक्त पदांच्या तक्त्यात हा तुटवडा पुरता दिसत नाही.

भरती आता 'पवित्र' पोर्टलवरून, अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर होते. निवड झालेला उमेदवार आधी तीन वर्षे मानधनावर शिक्षणसेवक असतो. लांबच्या जिल्ह्यातून आलेल्याचे मन बदलीकडे लागले, तर त्याला दोष देणे कठीण. म्हणून खरा प्रश्न शिक्षक टिकण्याचा आहे. स्थानिक उमेदवार टिकण्याची शक्यता अधिक; राज्यपालांच्या २०१४ च्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातील शिक्षकपदे स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखली. प्रकरण न्यायालयात गेल्याने ही भरती पुढे रखडली.